वाळवंटांतील एक दिवस

'वाळवंट' हा शब्द उच्चारला असतां आपल्या मराठी माणसाच्या मनांत प्रथम कोणतें चित्र उभें राहतें ? पंढरपुरास चंद्रभागेच्या पात्रांत पसरलेलें, वारकऱ्यांनीं फुललेलें वाळवंट. किंवा आपल्याच जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचें, उन्हाळ्यांत डोळे दिपविणारें वाळवंट. म्हणजे आपल्या बोलींत वाळवंट हें नदीचें अंग आहे. जेथें वाळू तेथें जवळच पाणी, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. भूगोलाच्या पुस्तकांत मात्र याच शब्दाचा अर्थ अगदीं उलट होतो. तेथें वाळवंट म्हणजे पाणी नसलेला प्रदेश. या दुसऱ्या प्रकारच्या वाळवंटांत एक दिवस मोटारींतून हिंडण्याचा योग मला गतवर्षीं नाताळच्या सुटींत आला. त्या दिवशीं जें पाहिलें, जें शिकलों, आणि ज्या एका चुकीमुळें आमचे दोन तास वाळू उपसण्यांत गेले, तें सर्व विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही चौघे स्नेही महाविद्यालयांत असतांना एकाच वसतिगृहांत राहिलेले. त्यांपैकीं एक आज जालन्यांत लोखंडी सळयांचा व्यापार करतात, दुसरे अंबड तालुक्यांत शेती पाहतात, तिसरे नोकरीनिमित्त जोधपुरास असतात, आणि चौथा मी, शाळामास्तर. 'एकदां येऊन थरचें वाळवंट पाहून जा,' असा जोधपुरच्या स्नेह्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. शेवटीं तो फळास आला. जोधपुराहून जैसलमेर सुमारें २८० किलोमीटर. जैसलमेरास रात्र काढून दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही पश्चिमेकडील सम या गांवाच्या वाटेला लागलों. हें गांव तेथून साधारण ४० किलोमीटरांवर आहे. आमच्याजवळ दोन गाड्या होत्या. एक आमच्या स्नेह्यांची, व दुसरी त्याच भागांत जन्म काढलेल्या एका वृद्ध वाटाड्याची. दोन्ही गाड्यांत इंजिनाचें बळ चारही चाकांना पोंचविण्याची सोय होती. वाळवंटांत एकट्या गाडीनें कधींही शिरूं नये, हा तेथील पहिला नियम. एक रुतली तर दुसरीनें ओढावी, आणि दोन्ही रुतल्या तर निदान एकमेकांस धीर द्यावा, असें वाटाड्यांनीं हंसत हंसत सांगितलें.

वाळवंट म्हणजे नुसता वाळूचा समुद्र, अशी माझी समजूत होती. ती वाटेंतच गळून पडली. थरचा पुष्कळसा भाग खडकाळ व मुरमाड आहे. त्यांत खुरटें गवत, रुईचीं झुडपें व मधून मधून खेजडीचीं झाडें दिसतात. ही खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण जिची पूजा झालेली पाहतों तीच शमी. जालन्याकडे वर्षाकांठीं सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर जैसलमेरास दोनशें मिलिमीटरही धड पडत नाहीं. इतक्या थोड्या पाण्यावर ही झाडें मुळें खोल नेऊन उभीं आहेत, हें पाहून माझे शेतकरी स्नेही बराच वेळ गप्पच राहिले.

सूर्य उगवतां उगवतां वाळूच्या टेकड्या दिसूं लागल्या. गाड्या नेण्यास मोकळीक असलेल्या पट्ट्याशीं येतांच वाटाडे खालीं उतरले, आणि मोठ्या शांतपणें प्रत्येक टायरमधील हवा सोडूं लागले. सडकेवर ३२ पौंड असलेली हवा त्यांनीं १६ पौंडांवर आणली. टायर बसके व रुंद दिसूं लागले. आमचे व्यापारी स्नेही, ज्यांनीं त्या दिवशीं दुसऱ्या गाडीचें चाक हातीं घेतलें होतें, ते म्हणाले, "या गाडीचें इंजिन चांगलें दमदार आहे. हवा कशाला सोडायची ? संध्याकाळीं परत भरायला कोण बसणार ?" त्यांनीं नांवापुरती चार पौंड हवा सोडली. वाटाडे एवढेंच म्हणाले, "जशी आपली मर्जी."

हवा सोडल्यानें काय होतें, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं वहींत मांडून पाहावा. गाडी व आंतील माणसें मिळून वजन २,००० किलो धरूं. म्हणजे प्रत्येक चाकावर ५०० किलो, अर्थात्‌ सुमारें १,१०० पौंड भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड असेल, तर हा भार तोलण्यास साधारण ३४ चौरस इंच जागा जमिनीला टेकली पाहिजे. दाब १६ पौंडांवर आणला, कीं तीच जागा ६९ चौरस इंच होते. टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळें हा हिशेब अगदीं काटेकोर नव्हे. परंतु मुख्य गोष्ट त्यांत येते. गाडीचें वजन तिळभरही कमी झालें नाहीं, पण तें दुप्पट जागेवर पसरलें. म्हणून वाळूच्या प्रत्येक कणावर येणारा भार निम्मा झाला. उंटाच्या पावलांत हीच युक्ति आहे. त्याचें पाऊल खुरासारखें टोंकदार नसतें. दोन बोटांखालीं मऊ, रुंद गादी असते, व भार पडतांच ती पसरते. घोड्याचें खूर जेथें रुततें, तेथें उंट सहज चालून जातो, तो यामुळेंच.

मला त्या वेळीं माझ्या आजोबांची बैलगाडी आठवली. लहानपणीं गोदावरीच्या पात्रांतून आम्ही पलीकडील गांवीं जात असूं. त्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तीन बोटांहून रुंद नव्हती. कोरड्या वाळूंत ती सुरीसारखी उतरे व चाक आऱ्यांपर्यंत गडप होई. आजोबा बैलांस मारीत नसत. सर्वांना खालीं उतरवीत, आणि गाडी पाण्याच्या कडेकडेनें ओलसर वाळूवरून नेत. 'ओलीच्या कडेनें चल,' हे त्यांचे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. कोरड्या वाळूचे कण एकमेकांशीं कशानेंही बांधलेले नसतात. भार येतांच ते बाजूस सरतात. वाळू थोडी ओलसर असली, कीं दोन कणांच्या मध्यें पाण्याचा अत्यंत पातळ पापुद्रा बसतो व तो त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. नदीकांठीं मुलें वाळूचीं घरें करतात तीं ओल्या वाळूचीं, कोरड्या वाळूचीं नव्हेत, याचें कारण हेंच. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव नेमका उलट आहे. तिचे कण अतिशय बारीक व चपटे असल्यामुळें पाणी लागतांच ते निसरडे व चिकट होतात. म्हणून काळ्या मातींत चाक रुततें तें पावसाळ्यांत, आणि वाळूंत रुततें तें कोरड्या दिवसांत. एका जमिनीवर शिकलेलें शहाणपण दुसऱ्या जमिनीवर जसेंच्या तसें चालत नाहीं.

त्या सकाळीं थंडी कडक होती व वाळूवर किंचित्‌ दंव पडलें होतें. त्यामुळें पहिल्या दोन टेकड्या दोन्ही गाड्या विनासायास चढून गेल्या, आणि व्यापारी स्नेह्यांचा आत्मविश्वास दुणावला. आतां या टेकड्या कशा बनतात तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढील प्रसंग त्यावांचून समजणार नाहीं.

वारा वाळू उडवितो असें आपण म्हणतों. परंतु धूळ जशी आकाशांत चढून दूरदेशीं जाते, तशी वाळू जात नाहीं. तिचा कण जड असतो. वारा त्यास उचलतो, थोडा पुढें नेतो व खालीं टाकतो. पडतांना तो कण दुसऱ्या कणांवर आदळून त्यांना उडवितो, ते आणखी कांहींना उडवितात, आणि अशा उड्यांच्या परंपरेनें सर्व थर पुढें सरकतो. बहुतेक वाळूचा हा प्रवास माणसाच्या गुडघ्याच्या उंचीच्या आंतच चालतो. कठीण जमिनीवर पडलेला कण उंच उसळी घेतो, पण मऊ वाळूवर पडलेला कण तेथेंच बसतो. म्हणून एकदां कोठें लहानसा ढीग झाला, कीं तो येणाऱ्या वाळूला धरून ठेवतो व स्वतः वाढत जातो.

जैसलमेरकडे हें काम मुख्यतः उन्हाळ्यांतील नैर्ऋत्येचा जोरदार वारा करतो. वाऱ्याच्या बाजूस टेकडीचा चढ लांब व मंद असतो, आणि वाऱ्याच्या माऱ्यानें तेथील वाळू ठोकून बसविल्यासारखी घट्ट होते. माथ्यावर पोंचलेली वाळू पलीकडे घरंगळते. ती बाजू उभी व अगदीं भुसभुशीत राहते. तिचा उतार ३२ ते ३४ अंशांचा असतो, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूंच शकत नाहीं. खळ्यावर ज्वारीची रास घालतांना हा नियम आपण पाहिलेला आहे. कितीही ज्वारी ओता, रास रुंद होत जाते, पण तिचा उतार तोच राहतो. वाळूच्या मागील बाजूकडून कण निघतात व पुढील बाजूस पडतात, म्हणून सबंध टेकडी वर्षानुवर्षें हळूहळू पुढें चालते. त्यांत लहान टेकडी लवकर चालते, मोठी सावकाश.

वाटाड्यांचे नियम या रचनेंतूनच निघालेले आहेत. मंद बाजूनें, सरळ रेषेंत, एकसारख्या वेगानें चढावें. माथा जवळ येतांच वेग कमी करावा, कारण पलीकडे काय आहे तें दिसत नसतें. तेथें उभा उतार असेल, खळगा असेल, किंवा समोरून दुसरी गाडी येत असेल. उतरतांना नाक सरळ खालीं ठेवून उतरावें. ब्रेक जोरानें दाबूं नये, कारण थांबलेलें चाक आपल्यापुढें वाळूचा बांध घालतें. आणि कांहीं झालें तरी टेकडीच्या उतारावर गाडी आडवी वळवूं नये.

तिसरी टेकडी चढावयास घेतली तोंपर्यंत दहा वाजून गेले होते. दंव सुकलें होतें व वाळू मोकळी झाली होती. मी व शेतकरी स्नेही दुसऱ्या गाडींतच बसलों होतों. माथा पांच-सहा हात उरला असतां चाकें फिरूं लागलीं, पण गाडी पुढें जाईना. तेव्हां आमच्या स्नेह्यांनीं, सडकेवर करावें त्याप्रमाणें, गाडी आडवी घालून परत फिरविण्याचा प्रयत्न केला. लागलीच खालच्या बाजूचीं चाकें खचूं लागलीं. गाडी माझ्या अंगाकडे कलली. खिडकींतून मला आकाश दिसावयाचें तें वाळू दिसूं लागली. टेकडीच्या पायथ्याशीं उभे असलेले वाटाडे दोन्ही हात हालवीत ओरडत होते, "उताराकडे ! चाक उताराकडे !" गाडी खालीं पडत असतां तिचें तोंड खालींच वळवावयाचें, हें मनाला पटत नाहीं. हात आपोआप वरच्या बाजूस वळूं पाहतो. परंतु आडव्या गाडीचा सर्व भार खालच्या दोन चाकांवर येतो, तीं अधिक रुततात, आणि गाडी उलटते. तोंड उताराकडे वळलें, कीं भार पुन्हां चारही चाकांवर वांटला जातो. स्नेह्यांनीं शेवटच्या क्षणीं तें ऐकलें. गाडी घसरत, पण सरळ, खालीं आली. कोणीही कांहीं बोललें नाहीं.

एवढ्यावर भागलें असतें तर बरें झालें असतें. परंतु गाडी दोन टेकड्यांमधील मऊ खळग्यांत येऊन थांबली होती, आणि घाबरलेल्या माणसाचा पाय स्वस्थ बसत नाहीं. स्नेह्यांनीं इंजिनास जोर दिला. चाकें गरगर फिरलीं, मागें वाळूचे फवारे उडाले, आणि अर्ध्या मिनिटांत गाडीचें पोट वाळूला टेकलें. फिरणारें चाक वाळूंत पुढें जात नाहीं ; तें विहीर खणतें. पोट टेकल्यावर गाडीचा भार वाळूनेंच उचलला, चाकें जवळजवळ अधांतरीं राहिलीं, आणि कितीही अश्वशक्तीचें इंजिन असलें तरी तें निरुपयोगी झालें.

पुढील दोन तास आम्ही चौघे हातांनीं, फावड्यांनीं व एका जेवणाच्या थाळीनें वाळू उपशीत होतों. वाटाडे कामाचा क्रम सांगत होते. प्रथम इंजिन बंद. मग पोटाखालची वाळू काढावयाची. मग प्रत्येक चाकाच्या मागें व पुढें मंद उताराचे चर खणावयाचे. मग हवा आणखी सोडून १४ पौंडांवर आणावयाची. शेवटीं चाकांखालीं फळ्या सारून, ज्या चाकोरींतून आलों त्याच दाबलेल्या चाकोरींतून, अगदीं हळू, मागें जावयाचें. हवा सोडतांच गाडी जणूं हलकी झाली, आणि दुसऱ्या प्रयत्नास बाहेर आली. डिसेंबरचा महिना होता व बरोबर भरपूर पाणी होतें, म्हणून हें निभावलें. मे महिन्यांत त्या भागांत उष्णता ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा वेळीं एकटी गाडी, थोडें पाणी व असाच हट्ट एकत्र आले तर काय होईल, हें सांगावयास नको. त्यानंतर व्यापारी स्नेह्यांनीं स्वतः दाबमापक हातीं घेऊन चारही टायर तपासले व म्हणाले, "मास्तर, जन्मभर लोखंड विकलें, त्यामुळें सर्व कांहीं जोर लावूनच वांकतें असें मला वाटूं लागलें होतें."

दुपारीं एका खेजडीच्या सांवलींत फराळ करतांना जोधपुरच्या स्नेह्यांनीं राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज अभियंत्याची हकीकत सांगितली. हे गृहस्थ १८९६ सालीं जन्मले. सैन्यांत असतांना १९२० नंतरच्या दशकांत त्यांची नेमणूक मिसर देशांत झाली. सुटीच्या दिवशीं कांहीं मित्रांसह साध्या फोर्ड गाड्या घेऊन ते कैरोहून वाळवंटांत जाऊं लागले. त्या गाड्यांना केवळ दोनच चाकांचें बळ होतें. टायरमधील हवा कमी करणें, रुतलेल्या चाकाखालीं लोखंडी पन्हळी घालणें, इंजिनांतून वाफ होऊन जाणारें पाणी डब्यांत थंड करून पुन्हां वापरणें, सूर्याच्या सांवलीवरून दिशा ठरविणें, या गोष्टी त्यांनीं अनुभवानें शिकून पक्क्या केल्या. पुढें १९४० सालीं, महायुद्धांत, त्याच ज्ञानाच्या बळावर त्यांनीं वाळवंटांत दूरवर जाणारें एक लहानसें सैन्यदळ उभारलें. परंतु त्यांची खरी कीर्ति निराळी आहे. वाळू कां उडते व टेकडी कां वाढते, या साध्या प्रश्नांनीं त्यांना झपाटलें. इंग्लंडांत परतल्यावर त्यांनीं वाऱ्याचा बोगदा तयार करून त्यांत वाळूचे कण उडवून मोजले, व १९४१ सालीं त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कणांच्या उड्यांविषयीं वर जें लिहिलें आहे, त्याचें पुष्कळसें श्रेय या ग्रंथास आहे. सहलींतून शास्त्र कसें जन्मतें, याचें हें उत्तम उदाहरण होय. बॅगनोल्ड १९९० सालीं वारले. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, २०१५ च्या अखेरीस, अमेरिकेचें 'क्युरिऑसिटी' हें यांत्रिक वाहन मंगळ ग्रहावरील ज्या वाळूच्या टेकड्यांजवळ पोंचलें, त्यांना त्यांचेंच नांव दिलेलें आहे. मंगळावरही चाकें रुततात. 'स्पिरिट' नांवाचें वाहन २००९ सालीं तेथील मऊ मातींत असें फसलें, कीं पृथ्वीवरून महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही तें निघालें नाहीं. पुढील वर्षीं त्याचा संदेश कायमचा थांबला. त्याला ढकलावयास तेथें दुसरी गाडी नव्हती.

याच जैसलमेर जिल्ह्यांत लोंगेवाला हें ठाणें आहे. १९७१ च्या डिसेंबरांत, ४ तारखेच्या रात्रीं, पाकिस्तानचे रणगाडे त्या ठाण्यावर चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं तेथें पंजाब पलटणीचे सुमारें सव्वाशें जवान होते. ते रात्रभर ठाणें लढवीत राहिले. शत्रूचे अनेक रणगाडे व गाड्या मऊ वाळूंत अडकून पडल्या, आणि दिवस उजाडतांच जैसलमेरहून उडालेल्या आपल्या विमानांनीं त्यांची धूळधाण केली. पराक्रम जवानांचा व वैमानिकांचा खरा ; परंतु जमिनीचा स्वभाव न जाणतां जो बळावर विसंबतो, त्याची वाळू कशी परीक्षा घेते, हेंही त्या रात्रीं दिसलें.

उतरत्या उन्हांत परत फिरतांना वाटाड्यांनीं गाडी मुद्दाम जुन्याच चाकोरींतून नेली. मोकळी वाळू दिसत असतां तिच्यावरून कां जाऊं नये, असें मीं विचारलें. त्यांनीं खालीं उतरून वाळूवरच्या बारीक खुणा दाखविल्या. येथें पाल धांवली, येथें भुंगा चालला, येथें उंदराचें बीळ. टेकडीच्या पायथ्याचें गवत मुळांनीं वाळूला बांधून ठेवतें. चाकाखालीं तें मेलें, कीं बांधलेली टेकडी पुन्हां सुटते व शेतावर, वाटेवर चालून येते. जवळच जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलें ३,१६२ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांत माळढोक हा मोठा पक्षी राहतो. आज जगांत हे पक्षी दोनशेंहूनही कमी उरले आहेत. त्याची मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंही उघड्या जमिनीवर. एकेकाळीं आपल्या महाराष्ट्राच्या माळरानांवरही माळढोक पुष्कळ होता, व त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापुराकडे नान्नजच्या बाजूस अभयारण्य राखण्यांत आलें. आपल्या चाकाखालीं काय येतें हें पाहण्याची संवय गाडींत बसलेल्या माणसास क्वचितच असते. ती लागली तर अशा सहलीचें सार्थक झालें म्हणावयाचें.

सडकेशीं आल्यावर पंपानें टायर पुन्हां भरण्यास अर्धा तास लागला. बसका टायर सडकेवर वेगानें चालविला तर त्याच्या भिंती सारख्या वांकून तापतात व तो फुटूं शकतो. सकाळीं 'भरायला कोण बसणार' असें विचारणारे स्नेहीच या वेळीं पंपाजवळ बसले होते.

घरीं येतांना मीं एका पुडींत तेथील चिमूटभर वाळू आणली. शाळेंतील भिंगाखालीं ती व आपल्या गोदावरीची वाळू शेजारीं शेजारीं ठेवली असतां फरक तत्काळ दिसतो. वाऱ्यानें हजारों वेळां आपटून वाळवंटाचा कण बारीक व गोलसर झालेला असतो. नदीचा कण जाडसर व कोनदार असतो. कोनदार कण एकमेकांत अडकतात, म्हणून सिमेंटांत नदीची वाळू घट्ट धरते ; गोल कण निसटतात. त्यामुळेंच सभोंवार वाळूचे डोंगर असलेल्या देशांनाही बांधकामासाठीं नदीची, समुद्राची किंवा दगड फोडून केलेली वाळू शोधावी लागते. आपल्या नदीची वाळू इतकी मोलाची आहे, आणि म्हणूनच ती उपसून नेली जाते.

परंतु तिचें दुसरें मोल याहून मोठें आहे. नदीच्या वाळूच्या कणांमधील फटींत पाणी सांठून राहतें. वरून पात्र कोरडें दिसलें तरी हातभर खणल्यावर झिरा लागतो, व कांठच्या विहिरींना त्याच सांठ्याचा आधार असतो. वाळू खडकापर्यंत खरवडून नेली, कीं तो सांठा राहत नाहीं ; पावसाचें पाणी आलें तसें वाहून जातें. मग कांठच्या गांवाला वाळवंट या शब्दाचा भूगोलांतील अर्थ शिकण्यासाठीं जैसलमेरास जावें लागणार नाहीं.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या उन्हाळ्यांत गोदावरीच्या, दुधनेच्या किंवा आपल्या गांवच्या ओढ्याच्या पात्रांत वडील माणसांसह जावें. कोरड्या वाळूचा ढीग करून त्याचा उतार मोजावा. ओल्या व कोरड्या वाळूवर चालून पाहावें व कोठें पाऊल अधिक रुततें तें लिहून ठेवावें. आणि घरांतील आजोबा-आजींस एवढेंच विचारावें, कीं त्यांच्या लहानपणीं झिरा कोठें होता, तो किती हातांवर लागत असे, आणि आज तेथें काय आहे. जीं उत्तरें मिळतील तीं पुढील वर्षाच्या अंकासाठीं माझ्याकडे आणून द्यावींत. माझ्या एका दिवसाच्या वाळवंटाहून तीं अधिक मोलाचीं ठरतील.